पुलात लोखंड नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. चिचगड

फायबरच्या सळया आल्या एकदाच्या. ट्रकवाला विचारतो, क्रेन कुठाय? म्हटलं, क्रेन नाही, दुलीचंद आहे. दुलीचंद म्हणजे आमचा सळई बांधणारा मिस्त्री. (हात दुखतो, पुढं नुसतं दु. लिहीन.) त्यानं नेहमीसारखा दम धरला, गुडघे वाकवले आणि भारा असा जोरात उचलला की मागच्या मागे बसला. सगळे हसले. दु. नाही हसला.

"हे काय छड होय का जी पटलेबाबू? येच्याहून माझ्या सासऱ्याची काठी जड हाय."

हिरवट-पिवळ्या सळया, वरून वाळू चिकटवलेली. आत काचेचे धागे आणि राळ. गंजायची भानगडच नाही, कारण गंजायला लोखंडच नाही. तालुक्यात असा पूल कुणी बांधलेला नाही. माझा नोकरीतला शेवटचा. जूनअखेर निवृत्त.

४ फेब्रुवारी

पुलाजवळ इमलाबाईची चहाटपरी. घर नाल्यापलीकडे टोल्यावर, म्हणजे तिकडच्या वस्तीवर. तिचा सगळा टोला सध्या मातीच्या कच्च्या वळणानं येजा करतो. पावसाळ्यात ते वळण राहणार नाही. मग शाळा, दवाखाना, राइस मिल सगळं चार महिने अलीकडे आणि ही माणसं पलीकडे. म्हणून जूनच्या आत पूल पाहिजेच.

इमलाबाई सळईला नख लावून म्हणाली, "प्लास्टिक होय."

म्हटलं, काच आहे.

"काच? बापा! काचेच्या पुलावरून मी जाईन?"

७ फेब्रु.

जुन्या पुलाचे तुकडे अजून काठावर पडलेत. आज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यावर बसलो. आतली सळई बोटानं दाबली तर पापुद्रे निघतात. तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हाचा हा पूल. स्लॅब टाकायच्या दिवशी कव्हर ब्लॉक संपले. सळई तळापासून उचलून धरायला जे सिमेंटचे ठोकळे लागतात ते. साहेब म्हणाले, गिट्टीचे खडे ठेवा. मी नवा, मी ठेवले. खडे सरकले, सळया तळाला टेकल्या, दमट हवा लागली, गंज धरला, गंज फुगला, काँक्रीट पडलं. इतकं साधं आहे ते. कुणी मला कधी विचारलं नाही. पण मला माहीत आहे.

इमलाबाई तेव्हा नवी सून. घमेली वाहायची त्या पुलावर. तिलाही बहुतेक आठवत असेल. विचारायची हिंमत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस दु.चा. मॅडमनी दहादा सांगितलं होतं, ही सळई साइटवर वाकवायची नाही, कोपऱ्याचे तुकडे कारखान्यातूनच वाकवून आले आहेत. (मॅडम = केतकी मॅडम, उपअभियंता, नागपूरच्या. माझ्या मुलीहून दोन वर्षांनी लहान. हुशार. चहात साखर नाही.) पण तीस वर्षं लोखंड वाकवलेल्या माणसाला वाकवू नको म्हणणं म्हणजे काय. मॅडमची गाडी देवरीकडे वळली आणि यानं आपली लोखंडी चावी काढली, सळई अडकवली, जोर दिला. सळई वाकली. दु. माझ्याकडे बघून हसला. चावी सोडली. सळई सरळ झाली आणि जाताना त्याची टोपी घेऊन गेली. टोपी नाल्यात.

दुसऱ्यांदा जास्त जोर दिला तर चरचर आवाज होऊन तिचे केसासारखे धागे निघाले. दिवसभर अंग खाजवत होता.

"आडमुठी हाय जी. माझ्या बायकोसारखी."

२७ फेब्रुवारी

बांधणी झाली. तार नाही, प्लास्टिकच्या पट्ट्या. ओढली की कट्ट आवाज. दु.ला आता तो आवाज आवडायला लागलाय असं वाटतं, कबूल करत नाही. वरून ताडपत्री झाकली, कारण ऊन या सळईला मानवत नाही. दु. म्हणे, लोखंडाले कधी सावली नाई देल्ली आमी, आन् हिचे लाड पाहा.

चोरीची भीती मात्र नाही. भंगारवाला आला, एक तुकडा तोलून पाहिला, परत ठेवून गेला. नोकरीत पहिल्यांदा असं पाहिलं.

इमलाबाईनं कुणाच्यातरी फुटक्या स्पीकरमधलं चुंबक आणलं. ताडपत्री उचलून सगळ्या जाळीवरून फिरवलं. चुंबक ढिम्म. चुंबक पदराला बांधून निघून गेली. हे लक्षण बरं नाही.

५ मार्च, बुधवार

स्लॅब. पहाटेपासून. थकलोय पण लिहायलाच पाहिजे.

मॅडमना नागपूरला बैठक होती, जाताना म्हणाल्या, "पुस्तिकेत सगळं दिलंय, पटलेबाबू." सतरा पानांची इंग्रजी पुस्तिका. मी चौथ्या पानापर्यंत वाचली होती. पुढं म्हटलं, स्लॅब टाकायला मला पुस्तक लागतं?

पुलाला दोन गाळे. अलीकडच्या गाळ्यापासून सुरुवात. कव्हर ब्लॉक मी स्वतः मोजून ठेवले, एकही कमी नाही, एकही खडा नाही. मनात म्हटलं, घे, फेडलं. अर्धा गाळा भरला, व्हायब्रेटर चालू, आणि दु. ओरडला. काँक्रीटमधून हिरवट पाठ वर आलेली. मग दुसरी. मग चार.

सळया तरंगत होत्या.

लोखंड काँक्रीटहून जड, ते खाली बसतं. म्हणून आम्ही जन्मभर फक्त खालून टेकू देत आलो. ही काँक्रीटहून हलकी. टेकू सोडून वर आली. हिला खालून नाही, वरून धरायला हवं होतं, खाली फळ्यांना बांधून. हे आमच्या डोक्यातच आलं नाही, ना माझ्या, ना दु.च्या. ज्यानं कधी लोखंडाचं काम केलं नाही त्याच्या डोक्यात कदाचित आलं असतं.

काम थांबवलं. पुढच्या सगळ्या जाळीला सेंट्रिंगच्या फळ्यांत भोकं पाडून खाली बांधलं. दु.नं अर्ध्या तासात. असा हात मी पाहिला नाही कुणाचा. भरलेल्या अर्ध्या गाळ्यात फळ्या टाकून सहा माणसं उभी केली, सळया दाबल्या, जमेल तिथं बांधल्या. खाली गेल्या. किती खाली, देव जाणे. वर सपाट काँक्रीट, छान दिसतं.

६ मार्च

साइट रजिस्टर लिहिलं. "स्लॅबचे काम व्यवस्थित पूर्ण." सही.

पान नऊ पाहिलं. ठळक अक्षरात आहे. सळई तरंगते, खाली बांधा.

९ मार्च, रविवार. आमगाव

घरी. निर्मलानं उडदाचे वडे केले, मी तीनवर थांबलो.

"तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे."

"मंग कोनाचा जीव घेतला?"

बत्तीस वर्षांचा संसार. या बाईपुढं लपत नाही काही. सांगितलं सगळं. ती वडे तळत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमी रजिस्टरात खोटं लिवलं ना?" म्हटलं, व्यवस्थित लिहिलं. "त तेच सांगून राहिली मी."

१४ मार्च. धुळवड

दु. रंग लावायला आला. कानात म्हणाला, कोनाले नाई सांगत जी मी, तुमी नका भिऊ. मला त्यानं जास्तच भीती वाटली. त्याच्या पोटी माझं पाप ठेवून मी निवृत्त व्हायचं?

२ एप्रिल

सेंट्रिंग काढलं. खालून स्वच्छ, गुळगुळीत. मॅडम खूश. "पटलेबाबू, तुमच्या हातचं काम म्हणून मी निर्धास्त गेले." मी चहा मागवला. दुसरं काय करणार.

८ एप्रिल, मंगळवार

तक्रार गेली. टोल्याच्या सह्या, सगळ्यात वर इमलाबाईचा अंगठा. "पुलात लोखंड नाही. लोखंड खाल्ले." टपरीवर गेलो.

"काऊन केली वो तक्रार?"

"लोखंड हाय का पुलात?"

"नाही."

"मंग खोटं काय लिवलं मी?"

तिनं चहा मात्र दिला, बिस्कीटही दिलं. वर म्हणते, तुमच्यावर राग नाई, पुलावर हाय.

११ एप्रिल, शुक्रवार

जिल्ह्याहून साहेब आले, लोखंड शोधायचं यंत्र घेऊन. स्लॅबवर फिरवलं की आत सळई असेल तिथं बीप वाजतं. आख्खा टोला जमला. यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक बीप नाही. शेवटी कठड्याच्या तात्पुरत्या लोखंडी पाइपाजवळ वाजलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम समजावत होत्या, हे यंत्र फक्त धातू ओळखतं. पुलात धातू घालायचाच नव्हता, म्हणूनच हा गंजणार नाही. साहेबांना कळलं. लोकांना नाही. इमलाबाईनं विचारलं, "मंग ते काचेच्या छडी जागेवर हायेत का नाई, हे कोन पायन?"

सरळ प्रश्न. मॅडम म्हणाल्या, "पटलेबाबू स्वतः उभे होते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दु.नं खाली पाहिलं. तो जुना पूल, ते खडे, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि तोंडातून निघूनच गेलं. अर्ध्या गाळ्यात सळया वर आल्या होत्या. दाबल्या. नीट बसल्या की नाही माहीत नाही. मी पान नऊ वाचलं नव्हतं. रजिस्टरात खोटं लिहिलं.

मॅडम पुलाच्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग म्हणाल्या, "रजिस्टर आणा." जुनं खोडू दिलं नाही. आजची तारीख घालून खाली खरं लिहायला लावलं. अक्षर वाईट आलं. पण सांगतो, महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो आज.

१२ एप्रिल

दु. रुसलाय. "मी तोंड बंद ठेवलं आन् तुमी माईकवर सांगतलं." माईक नव्हता. तसं वाटलं असेल.

२१ एप्रिल

हुकूम आला. पुलावर वजन ठेवून चाचणी घ्या. पास झाला तर ठीक, नापास झाला तर अलीकडचा गाळा फोडा. फोडला तर पावसाळ्याआधी पूल होणं शक्य नाही. म्हणजे टोला चार महिने पलीकडे, आणि त्याचं कारण मी.

मला नोटीस मिळेल ती मिळेल. ते सोसेन.

७ मे

चाचणीला वाळूची पोती हवीत, ट्रकांच्या वजनाइतकी. वाळूघाट बंद. वाळू मिळत नाही. गिट्टी म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, पोत्यात भरून तोलून आठ दिवस जातील, त्यात पाऊस आला तर. टपरीवर डोक्याला हात लावून बसलो होतो दोघं.

इमलाबाई गाळणी आपटत म्हणाली, "धान चालते का?"

उन्हाळी धान नुकतंच निघालंय. टोल्यावर घरोघरी पोती रचलेली, कच्च्या वळणावरून भरलेला ट्रॅक्टर निघत नाही म्हणून मिलला गेलेली नाहीत.

मॅडम म्हणाल्या, वजन सारखं असलं तर चालतं.

"वाळूच्या पोत्यात काय भरलं कोन पायते? धान आमचं. आमच्या काट्यावर तोलू. मंग कोनी म्हनणार नाई का इंजिनेराईनं लबाडी केली."

म्हटलं, बाई, पूल पडला तर धान नाल्यात जाईल.

"त सारा टोला तुमच्या घरी आमगावले येईन जेवाले. निर्मलाबाईले सांगून ठेवा."

जिनं तक्रार केली तिनं आधी आपलं पोतं दिलं. मला भरून आलं. चष्मा पुसत बसलो, धूर लागला म्हणून सांगितलं.

१९ मे, सोमवार

पोती चढवली. टोल्यातल्या बायका, माणसं, बैलबंड्या, ट्रॅक्टर, जत्राच. प्रत्येक पोत्यावर घराची खूण, कुणाची लाल चिंधी, कुणाचा चुन्याचा ठिपका, परत नेताना भांडण नको म्हणून. सगळ्यात जास्त वजन माझ्या अर्ध्या गाळ्यावर. मॅडमनी मुद्दाम. बरोबरच आहे.

खाली सेंट्रिंगचा एक सुटा खांब रोवून त्यावर घड्याळासारखं मापक लावलं. पूल केसभर झुकला तरी सुई हलते. ती वाचायला मॅडमनी दु.ला बसवलं. रुसवा लगेच गेला. पण पहिल्या थरातच ओरडला, "खाली जाऊन राहिला जी पूल! लोखंडाचा येवढा नाई जात!"

मॅडम शांत. फायबर लोखंडापेक्षा जास्त झुकतं, ते गणितात धरलं आहे. किती झुकतो हा प्रश्न नाही, ओझं काढल्यावर परत येतो का हा प्रश्न आहे.

इमलाबाई पोत्यांवर चढून उभी. मॅडम म्हणाल्या, "बाई, खाली या, तुम्ही गणितात नाही." टोला अर्धा तास हसत होता.

२० मे

वजन चोवीस तास ठेवायचं. नुसतं बसायचं. वर ढग. एकेका ढगाकडे सगळा टोला बघतोय. धान भिजलं तर वजन वाढेल आणि लोकही चिडतील. ताडपत्र्या तयार. तीच, सळयांना सावली द्यायला आणलेली.

इमलाबाई शेजारी बसली. मी विचारलंच शेवटी. जुना पूल आठवतो का?

"आठवते ना. तुमी खडे ठेवून राहिले होते. मी म्हनलं, हा पोऱ्या काऊन रडल्यासारखा दिसते?"

तीस वर्षं ठाऊक होतं तिला. म्हटलं, तेव्हाच तक्रार का नाही केली?

"तवा मी नवी सून. आता मी कोनाले भितो?"

२१ मे, बुधवार

पोती उतरवली. दु. सुईवर डोळा लावून. "येऊन राहिली... येऊन राहिली जी... अजून..." मग "थांबली."

पूर्ण शून्यावर नाही. थोडी अलीकडे. मॅडमनी कागदावर गणित केलं, पुन्हा केलं, पेन्सिल कानाला लावली आणि म्हणाल्या, "मर्यादेत बसतं. पास." दु.नं मला उचललं. खरंच उचललं, फायबरचा भारा असल्यासारखं. एका बाईनं तिथंच मुरमुरे वाटले.

पण सगळं खरं लिहायचं ठरवलंय. पुलाच्या कडेला, माझ्या अर्ध्या गाळ्यात, एक बारीक चीर दिसली. केसाएवढी. मॅडम म्हणाल्या, काँक्रीटला अशा येतातच, या चिरेतून पाणी गेलं तरी आत गंजायला काही नाही. खरंय. पण सळई वर सरकलेली असेल तर ती चीर वाढेल. सळई कुठं आहे ते आमच्याकडचं कुठलंच यंत्र दाखवत नाही. वाढते की नाही, हे बघत राहायचं, एवढंच हातात.

२४ मे. आमगाव

चिरेवर काचेची पट्टी चिकटवतात. जुनी पद्धत. चीर जरा जरी उघडली तर काच तडकते. पातळ काच पाहिजे. निर्मलानं भिंतीवरून लग्नाचा फोटो उतरवला.

"ह्याची काच घ्या."

म्हटलं, अगं लग्नाचा आहे.

"फोटो राहते ना. काच गेली त मले तुमचा चेहरा अजून साफ दिसन. का फरक पडते?"

फ्रेमवाल्याकडून कापून घेतली.

२६ मे

काच लावली, शेजारी तारीख रंगवली. इमलाबाई वाकून बघते. आत काच, वर काच. मग म्हणाली, ही जागा टपरीच्या पायऱ्यांवरून दिसते, मी रोज पायीन. तुमी कायले येता आमगावाहून? मंगळवारी बाजारात फोनले रेंज राहते, मी सांगत जाईन.

१० जून, मंगळवार

पूल सुरू. नारळ कुणी फोडायचा यावर वाद. साहेब म्हणे मॅडमनी, मॅडम म्हणे पटलेबाबूंनी, मी म्हटलं दु.नं. दु. म्हणाला, ज्यानं तक्रार केली त्यानं. इमलाबाईनं फोडला. पहिल्या ट्रॅक्टरवर तेच धान, त्याच चिंध्या. ती ट्रॅक्टरमागे चालत पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. चारदा. म्हटलं, आता कशाला?

"पैसे वसूल करून राहिली."

अवजड वाहनांना अजून परवानगी नाही. ती वर्षभर पाहणी झाल्यावर.

३० जून, सोमवार

निवृत्त. शाल, नारळ, भाषणं. नोटिशीचं उत्तर दिलंय, निकाल यायचा आहे. मॅडमनी भेट दिली, ती सतरा पानी पुस्तिका, मराठी करून, हातानं लिहून. पान नऊ लाल शाईत. पहिल्या पानावर "पुढच्या पुलाच्या पटलेबाबूंसाठी". मी म्हटलं, म्हणजे मला नाही? म्हणाल्या, तुम्ही आता पाठ केलंय.

दु.ला गोंदियाकडच्या दुसऱ्या फायबर पुलावर बोलावलंय. खास माणूस म्हणून. आता तो इतरांना ओरडतो, वाकवू नका रे.

८ जुलै, मंगळवार. आमगाव

फोन. "काच साबूत हाय." ठेवला. पाच सेकंद.

१५ जुलै, मंगळ.

"साबूत."

२२ जुलै, मंगळ.

"साबूत. तुमच्या दु.ची टोपी सापडली नाल्यात. मासोऱ्या पकडाले बरी हाय."

२९ जुलै, मंगळ.

चार दिवस पावसाची झड. फोन उशिरा आला, आवाज तुटत होता. नाल्याचं पाणी पुलाला टेकलंय, काच पाण्याखाली, दिसत नाही. "पन पोरं शाळेत गेले, बाबू. सारे गेले." मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. दोनदा विचारलं, सगळे? सारे, म्हणाली. मी निर्मलाला सांगायला आत गेलो तर ती दाराशीच उभी होती.

३ ऑगस्ट

चीर मनातून जात नाही. भिंतीवरच्या बिनकाचेच्या फोटोकडे उगाच बघत बसतो. निर्मला म्हणते, जा ना मंग एकदा पाहून या. जाईन. मंगळवारचा फोन होऊ दे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दहाला फोन. पाणी उतरलं. इमलाबाई पायऱ्यांवरूनच बोलते आहे, आज तिथं रेंज लागली म्हणे. काचेवर गाळ बसलाय, लाल, जाड. फुटली की नाही ओळखू येत नाही.

म्हटलं, हात नको लावू, बाई.

"हात कायले लावतो? लोटाभर पानी टाकतो. तुमी फोन नका ठेवू. थांबा."

फोन तिनं कठड्यावर ठेवला असावा. डाव्या कानाशी धरून हे लिहितोय. पाण्याचा आवाज येतो. वरून एक ट्रॅक्टर गेला, हॉर्न देत, भरलेला असावा, आवाज जड आहे. कुणीतरी "राम राम काकी" म्हणालं. ती उत्तर देत नाही, म्हणजे खाली उतरली. निर्मला चहाची कपबशी घेऊन समोर उभी, भुवया वर करून विचारते, काय?

मी हातानंच खूण केली, थांब म्हणून. लोट्यातलं पाणी पडलं. अजून एकदा पडलं.

थांबलो आहे.